दारू सोडायची आहे: हळूहळू कमी करू की एकदम बंद?

पैलतीर
गेली अकरा वर्षं मी रोज पितो. सुरुवातीला दोन पेग होते, मग तीन. गेली चार वर्षं रोजची ३६० मिली व्हिस्की ठरलेली आहे. नोकरी टिकून आहे, घरात कधी कुणावर हात उगारला नाही, त्यामुळे ‘आपलं काही इतकं बिघडलेलं नाही’ असं मी स्वतःला सांगत आलो.

गेल्या महिन्यात मुलीच्या शाळेच्या एका फॉर्मवर सही करायची होती. सकाळचे साडेसात वाजले होते. पेन कागदाला टेकेना. टेकलं तर ओळ सोडून भलतीकडेच जाई. ती शेजारी उभी होती, काही बोलली नाही. मी ‘आलोच’ म्हणून आत गेलो, दोन घोट घेतले, पंधरा मिनिटांनी परत आलो आणि नेहमीसारखी वळणदार सही केली. तिने सही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि फॉर्म दप्तरात ठेवला. तिला कळलंय.

आता सोडायचीच आहे. बायको म्हणते, एक तारखेपासून एकदम बंद, बाटल्या मीच ओतून देते. मोठा भाऊ म्हणतो, रोज थोडी थोडी कमी कर, महिन्याभरात शून्यावर येशील. दोघंही माझ्या भल्याचंच बोलतायत. मला एकदम बंद करणं जास्त पटतं, कारण कमी करायला जातो आणि आठवड्याभरात होतो तिथेच येतो. ज्यांनी सोडली आहे त्यांनी आपापला अनुभव सांगावा. एक तारखेला नऊ दिवस उरलेत.

खडाबोल
सरळ बंद करा. कमी करणं म्हणजे सोडायची इच्छा नसणं. मी एका रविवारी ठरवलं आणि सोमवारपासून घेतली नाही. दोन रात्री झोप लागली नाही, चिडचिड झाली, बाकी काही नाही. आज सहा वर्षं झाली. बाटल्या ओतून द्या, ज्यांच्याबरोबर बसता त्यांचे नंबर काढून टाका. मनाचा निश्चय पक्का हवा, बाकी सगळं आपोआप होतं.

अबोल
वाचतोय. मीही याच वळणावर उभा आहे.

तळ्याकाठी
पैलतीरदादा, एक तारखेचं जरा थांबवा आणि हे वाचा. खडाबोल, तुमच्यावर राग नाही, पण तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या पोटात गोळा आला.

माझ्या बाबांनीही असंच ठरवलं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. त्यांनी आजीसमोर शपथ घेतली, आम्ही सगळे आनंदाने रडलो, आईने घरातली शेवटची बाटली मोरीत ओतली. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी त्यांना इतका घाम यायला लागला की दोन तासांनी बनियन बदलावा लागत होता. आम्हाला वाटलं, विष बाहेर पडतंय, चांगलंच आहे. आईने तर शेजारच्या काकूंना तसं सांगितलंसुद्धा.

तिसऱ्या रात्री मला जाग आली तेव्हा बाबा पलंगावर बसून चादरीवरून काहीतरी वेचत होते. अंगठा आणि तर्जनी जुळवून, अगदी काळजीपूर्वक, जमिनीवर दाणे सांडले की उचलतात तसं. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, मुंग्या बघ किती झाल्यात, तुझ्या अंगावर चढतील. चादर कोरी पांढरी होती. मी दिवा लावला तर ते मला ओळखेनात, मला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागले. पहाटे त्यांना फिट आली.

सहा दिवस ते अतिदक्षता विभागात होते. जगले, नंतर अकरा वर्षं जगले. पण नवी गोष्ट त्यांच्या डोक्यात राहायची नाही. माझं लग्न झालेलं त्यांना दर भेटीत नव्याने सांगावं लागायचं आणि दर वेळी ते तितकेच खूश व्हायचे. बाबांचा निश्चय कच्चा नव्हता हो. त्यांनी शपथ पाळली, मरेपर्यंत थेंब घेतला नाही. पण अशी दारू तोडताना जिवावर बेतू शकतं हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

खडाबोल
ताई, वाचून वाईट वाटलं. पण असं दहा हजारांत एखाद्याला होत असेल. अशाने माणूस घाबरून सोडायचाच नाही. मला तर काहीच झालं नाही.

रात्रपाळी
मी डॉक्टर नाही, परिचारिका आहे. सतरा वर्षं व्यसनमुक्तीच्या वॉर्डात काम करते, त्यातल्या बहुतेक रात्री. खडाबोल, रागावू नका, एक विचारते: तुम्ही रोज किती घेत होता, आणि सकाळी उठल्यावर हात थरथरायचे का?

खडाबोल
आठवड्यातून तीन-चार वेळा, दोन पेग, कधी तीन. सकाळी कधीच नाही. हात वगैरे कधी थरथरले नाहीत.

रात्रपाळी
मग तुमचं आणि पैलतीर यांचं दुखणं एक नाही. तुम्ही सवय मोडली. तीही मोठी गोष्ट आहे आणि तुमच्यासाठी एकदम बंद हाच योग्य मार्ग होता. पण पैलतीर यांचं शरीर दारूवर उभं आहे. दोन घोट घेतल्यावर सही जमली, त्यातच ते दिसलं.

आत काय होतं ते माझ्या भाषेत सांगते. दारू मेंदूला शांत करते. मेंदूत ‘गाबा’ नावाचं एक रसायन असतं, ते ब्रेकसारखं. दारू त्याचा जोर वाढवते. दुसरं ‘ग्लुटामेट’, ते मेंदूला चेतवणारं. दारू त्याला दाबून ठेवते. रोज असंच चाललं की मेंदू तोल साधायला ब्रेक सैल करतो आणि चेतवणारी बाजू वाढवतो. दाराला बाहेरून कुणी रोज रेटा देत असेल तर आतला माणूसही तेवढाच जोर लावून उभा राहतो ना, तसं. बाहेरच्याने अचानक हात काढला की आतला तोंडावर आपटतो. थरथर, घाम, धडधड, फिट, भास हे सगळं ते आपटणं आहे.

त्याला वेळापत्रक असतं आणि घरच्यांनी ते पाठ करून ठेवावं. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते १२ तासांत थरथर, मळमळ, घाम, बेचैनी. फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत. काहींना पहिल्या १२ ते २४ तासांत भास होतात, पण माणूस भानावर असतो. आणि ४८ ते ९६ तासांत ते सुरू होऊ शकतं जे तळ्याकाठी यांच्या बाबांना झालं. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, वॉर्डात आम्ही नुसतं ‘डीटी’ म्हणतो. दिवस-रात्र कळत नाही, माणसं ओळखू येत नाहीत, ताप, रक्तदाब आणि नाडी वाढत जाते. दारू तुटल्यावर त्रास होणाऱ्या शंभरांत साधारण तीन ते पाच जणांना डीटी होतो. दहा हजारांत एक नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डीटी झालेल्यांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास माणसं दगावत. आज वेळेत उपचार मिळाले तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आहे. वेळेत मिळाले तर.

फसवणूक होते ती इथे: पहिला दिवस पार पडला की घरच्यांना वाटतं जिंकलो. आणि सगळ्यात वाईट रात्र बहुतेक वेळा तिसरी असते.

पैलतीर, तीन गोष्टी सांगा. सकाळी उतारा किती दिवसांपासून घेताय? याआधी बंद करायचा प्रयत्न केला तेव्हा काय काय झालं? आणि झोपेच्या गोळ्या वगैरे चालू आहेत का?

जुनी_पानं
खडाबोल यांनी निश्चयाचा मुद्दा काढला म्हणून थोडा इतिहास. या आजाराला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव १८१३ साली थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने दिलं. पण तो दारूमुळे होतो, दारू तुटल्यामुळे होतो की दारुड्याच्या अंगात अन्न नसतं म्हणून होतो, यावर पुढे शंभराहून अधिक वर्षं वाद चालला. १९५५ साली अमेरिकेत हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मॉर्फीनचं जुनं व्यसन असलेल्या दहा स्वयंसेवकांना त्यांनी चांगलं खायला-प्यायला देऊन, जीवनसत्त्वं देऊन रोज भरपूर दारू दिली. चौघं लवकर बाहेर पडले, सहा जण ४८ ते ८७ दिवस पीत राहिले. मग दारू एकदम थांबवली. त्या सहांपैकी दोघांना फिट आली, तिघांना डीटी झाला. आज असा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये. पण त्यानंतर वाद मिटला. पोट भरलेलं असलं, अंगात ताकद असली, तरी दारू तुटण्याने हे होतं. माणूस मनाने कमकुवत आहे की खंबीर, याच्याशी त्याचा संबंध नाही.

निळी_वही
मी हळूहळू कमी करून सोडली. अशी माणसं कमी बोलतात, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितो.

मी रोज ३०० मिलीवर होतो. डॉक्टरांशी फोनवर बोललो, त्यांनी आधीच्या फिटबद्दल, भासांबद्दल, लिव्हरबद्दल विचारलं, तसं काही नव्हतं. ते म्हणाले, दर तिसऱ्या दिवशी ३० मिली कमी करा, आणि घाम-थरथर वाढली तर तिथेच थांबा, मला कळवा. प्रयोगशाळेत असतो तसा खुणांचा मोजपात्र आणला. पेग डोळ्यांनी ओतायचा नाही, हा पहिला नियम. बाटली बायकोच्या कपाटात, किल्ली तिच्या गळ्यात. वहीत तीन रकाने: वेळ, मिली, हात. ‘हात’ म्हणजे पाण्याने काठोकाठ भरलेला पेला उचलून तोंडाशी नेताना किती सांडलं. सोळाव्या दिवशी त्या रकान्यात पहिल्यांदा शून्य लिहिलं, ते पान मी अजून जपून ठेवलंय.

एक गोष्ट मला उशिरा कळली. मी सगळी दारू रात्रीच घेत होतो, म्हणजे मध्ये वीस तासांची पोकळी, आणि रोज सकाळ-दुपार अर्धवट तुटल्याचा त्रास. तेवढीच मात्रा दिवसभरात विभागून घेतली तेव्हा तो कमी झाला. ऐकायला विचित्र वाटतं, सकाळी मोजून ३० मिली पिणारा माणूस सुधारतोय हे बायकोच्या आईला पटवता पटवता आमची दमछाक झाली.

आता खरी अडचण. ३०० वरून ९० वर मी तीन आठवड्यांत आलो आणि त्या ९० वर सात आठवडे अडकलो. शरीराला तेव्हा दारूची गरज उरली नव्हती, मला होती. रोज वाटायचं, एवढं कमी केलं, आता एवढ्याला काय हरकत आहे. शेवटी ९० वरून सरळ शून्यावर आलो, आणि काहीही झालं नाही.

आणि पैलतीर, तुमचा हिशोब करून बघितला. ३६० मिली, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे १५४ मिली शुद्ध अल्कोहोल. त्याला ०.७८९ ने गुणलं की सुमारे १२० ग्रॅम. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला १५ युनिटांच्या वर, म्हणजे साधारण याच १२० ग्रॅमच्या पुढे, वैद्यकीय मदतीने सोडण्याचा विचार करावा असं म्हटलंय. तुम्ही नेमके त्या रेषेवर आहात. मी त्या रेषेच्या आत होतो. माझी वही तुम्हाला जशीच्या तशी लागू होणार नाही.

परतीची_वाट
निळी_वही यांच्या घरात किल्ली दुसऱ्याच्या गळ्यात होती म्हणून ते जमलं. माझी किल्ली माझ्याच खिशात होती.

मी बाटलीच्या लेबलवर पेनाने रेघ मारायचो, आज इथपर्यंत. रात्री अकराला त्या रेघेखाली दुसरी रेघ. मग तिसरी. सकाळी तीन रेघांची बाटली बघायचो. मग व्हिस्की सोडून बिअरवर आलो आणि सगळ्यांना सांगत सुटलो की कमी केली. आठ टक्क्यांची ६५० मिलीची एक स्ट्राँग बिअर म्हणजे ४१ ग्रॅम अल्कोहोल. मी तीन पीत होतो. करा हिशोब, कमी कुठे झाली? ज्याला पहिला पेग पोटात गेल्यावर दुसऱ्याचा निर्णय घेताच येत नाही, त्याला ‘निर्णय घेऊन कमी कर’ सांगणं म्हणजे मोडक्या पायाने पळायला सांगणं.

मी सोडली ती दवाखान्यात पाच दिवस राहून, आणि टिकवली ती अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगांनी. ‘फक्त आजचा दिवस’ एवढंच. आयुष्यभराचं ओझं कुणालाच उचलत नाही.

इथे एक सांगावंसं वाटतं. आमच्या फेलोशिपचा वाढदिवस १० जून १९३५ मानतात, कारण सहसंस्थापक डॉक्टर बॉब यांनी त्या दिवशी शेवटची दारू घेतली. ते सर्जन होते. त्या सकाळी त्यांना ऑपरेशन करायचं होतं आणि हात थरथरत होते. तेव्हा दुसरे सहसंस्थापक बिल यांनीच त्यांना हात स्थिर राहावेत म्हणून एक बिअर दिली. ती शेवटची. पैलतीर, तुमची साडेसातची सही वाचली तेव्हा मला तेच आठवलं. त्या दोन घोटांची लाज बाळगू नका. ते लपवून एकट्याने लढू मात्र नका.

चंद्रकोर
थोडं अवांतर होईल, पण विचारते. घरच्यांनी न सांगता जेवणातून दारू सोडायची गोळी दिली तर? आमच्या नात्यात एका वहिनींनी तसं केलंय असं कळलं आणि गुण आला म्हणतात.

रात्रपाळी
नका हो, अजिबात नका. ती गोळी बहुधा डायसल्फिराम असते. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये तिचा हा गुण लक्षात आला. यकृतात दारूचं अॅसिटाल्डिहाइड होतं आणि ते पुढे मोडलं जातं. ही गोळी ते मोडणं अडवते. मग त्यावर दारू पडली की चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब एकदम खाली. हृदय कमजोर असेल तर माणूस जाऊ शकतो. ज्याला गोळी घेतल्याचं माहीतच नाही तो पिणारच. मी अशी एक केस आणताना पाहिली आहे, घरच्यांच्या हातातून पाण्याचा पेला गळून पडला होता. माणसाने समजून, स्वतःच्या हाताने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर ती काहींना आधार देते. आणि अंगात दारू असताना ती सुरूच करत नाहीत. वहिनींना आजच सांगा.

चंद्रकोर
आजच फोन करते. मनापासून आभार.

पैलतीर
सगळं दोनदा वाचलं. तळ्याकाठी, तुमचा प्रतिसाद बायकोलाही वाचायला दिला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मी मोरीत ओतणार होते.

रात्रपाळीताई, तुमची उत्तरं. सकाळचा उतारा गेले चौदा महिने. झोपेची गोळी नाही. याआधी तीनदा बंद केली. पहिल्यांदा आठ दिवस, काही त्रास नाही. दुसऱ्यांदा घाम आणि थरथर, चौथ्या दिवशी परत सुरू. तिसऱ्यांदा गेल्या पावसाळ्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी आतल्या खोलीतून बायकोने हाक मारलेली मला स्पष्ट ऐकू आली. मी ओ दिली, उठून गेलो, खोली रिकामी. ती त्या दिवशी माहेरी होती. मी घाबरून प्यायलो आणि आवाज थांबला. आजपर्यंत हे कुणालाच सांगितलं नव्हतं, काल बायकोला सांगितलं.

रात्रपाळी
सांगितलंत हे फार चांगलं केलंत, मला वाटतं तुमच्या जिवाचं अर्धं काम तिथेच झालं.

तुमचा तिसरा खेप पहिल्यापेक्षा वाईट का गेला, त्याला कारण आहे. दारू पुन्हा पुन्हा तुटली की मेंदू दर वेळी आधीपेक्षा जास्त भडकतो. ओल्या लाकडाला पहिल्यांदा जाळ धरत नाही, पण वाळत गेलं की एका ठिणगीत धरतं. म्हणून ‘मागच्या वेळी निभावलं’ हा हिशोब इथे चालत नाही. तुम्हाला भास झालेत, सकाळी उतारा लागतो, मात्रा मोठी आहे. एक तारीख विसरा. याच आठवड्यात मानसोपचार तज्ज्ञांना किंवा व्यसनमुक्ती विभागात भेटा. भेट होईपर्यंत एकदम बंद करू नका, फार भराभर कमीही करू नका. मोजून, आहे तेवढीच, दिवसभरात विभागून घ्या, त्याहून जास्त नाही. गाडी चालवू नका. जेवण सोडू नका.

आता मूळ प्रश्न. हळूहळू की एकदम, या दोघांत तुम्ही अडकलायत, पण वॉर्डात आम्ही बहुतेकदा दोन्ही एकत्र करतो. दारू एकदम बंद होते. तिच्या जागी क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखं औषध येतं, जे तोच ब्रेक धरून ठेवतं, आणि ते औषध साधारण आठवड्याभरात रोज थोडं थोडं कमी करत थांबवतात. म्हणजे तुमच्या बायकोचंही खरं आणि तुमच्या भावाचंही. दर काही तासांनी आम्ही थरथर, घाम, बेचैनी, भास अशा दहा गोष्टींना गुण देतो, एकूण ६७ पैकी, आणि त्यावर मात्रा ठरते. म्हणून या गोळ्या कुणाकडून उसन्या घेऊन घरी खाऊ नका. दारू आणि ही गोळी एकत्र पोटात गेली तर श्वास मंदावतो.

आणि एक शब्द लक्षात ठेवा: थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. पिणाऱ्याच्या अंगात ते संपलेलं असतं आणि पोटातून नीट शोषलंही जात नाही, म्हणून सुरुवातीला इंजेक्शनने देतात. मेंदूला ग्लुकोज वापरायला ते लागतं. ते नसताना नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढलं तर मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, डोळे विचित्र हलणं, गोंधळणं, आणि पुढे नवं काही आठवत न राहणं. तळ्याकाठी, तुमच्या बाबांचं हेच झालं असेल का, ते मी इथून सांगू शकत नाही. पण तुमच्या वर्णनावरून मला तेच आठवलं.

तळ्याकाठी
हो ताई. पुढे एका डॉक्टरांनी कोर्साकॉफ असं नाव सांगितलं होतं. नाव कळायला आम्हाला चार वर्षं लागली.

उंबरठा
एक प्रामाणिक प्रश्न. सगळं सुरळीत झालं, वर्षभर थेंब घेतला नाही, तर पुढे कधीतरी दोन पेग चालतात का? की कायमचं बंदच?

जुनी_पानं
यावरही जुना वाद आहे. १९६२ साली डी. एल. डेव्हिस या ब्रिटिश मानसोपचार तज्ज्ञाने लिहिलं की त्यांच्या ९३ रुग्णांपैकी सात जण उपचारानंतर सामान्य माणसासारखं पिऊ लागले. मोठी खळबळ उडाली. ग्रिफिथ एडवर्ड्स यांनी पुढे त्या सातही जणांचा माग काढला आणि १९८५ साली लिहिलं, त्यांतल्या पाच जणांना नंतर पिण्याचा चांगलाच त्रास झाला होता. दोघांचं निभावलं, त्यांतला एक मुळात फारसा अडकलेलाच नव्हता.

परतीची_वाट
माझे ते दोन पेग मला चौदा महिन्यांनी भेटले होते, एका लग्नात. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा सकाळी पीत होतो. सकाळी उतारा लागला तो माणूस परत ‘थोडी’ पिऊ शकलेला मी तरी पाहिलेला नाही.

निळी_वही
माझंही तेच मत. हळूहळू कमी करणं हा उतरायचा जिना आहे, राहायची खोली नाही. मी सात आठवडे त्याच्या शेवटच्या पायरीवर बसून होतो.

उंबरठा
समजलं. आवडलं नाही, पण समजलं.

अबोल
झोपेचं कुणी सांगेल का? मी चार दिवसांपूर्वी दवाखान्यातून आलो. त्रास काही नाही, पण रात्रभर छताकडे बघत पडतो, आणि झोप लागली की भयानक स्वप्नं.

परतीची_वाट
अबोल, तू गेलास! मित्रा, किती बरं वाटलं. स्वप्नांना घाबरू नकोस. दारू स्वप्नांची झोप दाबून ठेवते, ती सुटली की उसळी मारते. मला तर स्वप्नात प्यायल्याची चव यायची आणि घामाघूम होऊन उठायचो. झोप रुळायला मला दीड-दोन महिने लागले. उठण्याची वेळ पक्की ठेव, झोपण्याची आपोआप ठरते. आणि रात्री एकटं वाटलं तर इथे लिही, मी तीनपर्यंत जागा असतो.

पैलतीर
चोवीस दिवसांनी लिहितोय.

पाचव्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची यादी विचारली, चाळीसपैकी माझे सत्तावीस आले. भासांचं सांगितल्यावर म्हणाले, घरी नको, दाखल व्हा. सहा दिवस होतो. गोळी रोज कमी होत गेली. तिसऱ्या रात्री अंगाला कंप होता, घाम होता, भिंतीवरची सावली हलल्यासारखी वाटली, आणि एक सिस्टर दर दोन तासांनी येऊन माझे दोन्ही हात पुढे पसरायला लावून बघत होती. मला वाटलं, हेच मी एक तारखेला घरी करणार होतो, मुलगी शेजारच्या खोलीत झोपलेली असताना.

आता अठरा दिवस झाले. तल्लफ कमी राहावी म्हणून अकॅम्प्रोसेट सुरू आहे, आठवड्यातून दोनदा मीटिंगला जातो. संध्याकाळी सात ते नऊ हे दोन तास फार जड जातात, तेव्हा भाऊ येऊन बसतो. मुलगी अजून सगळे फॉर्म आईकडेच नेते. मी काही बोलत नाही.

खडाबोल
पैलतीर, अभिनंदन. मी पहिल्या प्रतिसादात जे लिहिलं ते मागे घेतो. माझं खरं होतं ते माझ्यापुरतं. संपादकांना विनंती आहे की तो प्रतिसाद काढू नका, खाली हे सगळं जोडलेलं असू द्या. माझ्यासारखा विचार करणारा कुणी येईल तर पुढचंही वाचेल.

काजवा
नवीन आहे, शोधताना हा धागा सापडला. माझ्या नवऱ्याने परवा रात्रीपासून घेतली नाही. रोजची बाटलीभर होती. काल नुसती थरथर होती. आज संध्याकाळपासून घाम थांबत नाहीये आणि मघाशी मला विचारलं, दारात कोण उभं आहे. कुणी नाहीये. सकाळपर्यंत थांबू का?

रात्रपाळी
थांबू नका. आत्ता निघा. जवळचं मोठं रुग्णालय, तातडीचा विभाग. ‘रोज बाटलीभर, बंद करून किती तास झाले, भास सुरू’ हे तीन शब्दांत दारातच सांगा. थायामिनचं विचारा. गाडी तुम्ही एकट्या चालवू नका, शेजाऱ्यांना उठवा, नाहीतर रुग्णवाहिका बोलवा. तोवर खोलीत दिवा लावून ठेवा, त्यांच्याशी शांतपणे बोला, भासावरून वाद घालू नका. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.

परतीची_वाट
ताई, मी जागा आहे. निघाल्यावर लिहा.

काजवा
शेजारचे दादा आलेत. निघतोय.

तळ्याकाठी
मीही जागी आहे.

काजवा
पोचलो. आत घेतलं. इंजेक्शन दिलं, थायामिनचं मी विचारलं, डॉक्टर म्हणाले तेच आधी दिलंय. मी बाहेर बाकावर बसले आहे. ते आता झोपलेत.